पडलेल्या फोनमधली अक्षरं मोठीच कशी राहिली?

शेजारच्या काकूंच्या जुन्या अँड्रॉइड फोनवर, त्या पोथी वाचतात त्या अ‍ॅपमधली अक्षरं मोठी करून देत होतो. आकार १६ चा २२ केला आणि फोन हातातून निसटला. झाकण पलंगाखाली, बॅटरी दाराशी. "गेलं का रे सगळं?" काकू घाबरल्या. बॅटरी बसवून फोन चालू केला, तर अक्षरं मोठीच! त्यावर त्यांच्या भाच्यानं सल्ला दिला, "मावशी, अधूनमधून क्लिअर डेटा करत जा, म्हणजे अ‍ॅपनं साठवलेलं सगळं पुसत जा, फोन फास्ट पळतो." सोलापुरात नव्या पेठेपासून अशोक चौकापर्यंत हा सल्ला मी ऐकत आलोय. तो चुकीचा का, ते सांगायलाच हवं.

पूर्व भागातल्या कारखान्यात जकार्डचा माग चालताना पाहिला असेल, तर निम्मी गोष्ट तुम्हाला आधीच कळलेली आहे. चादरीवर मोर उमटणार की वेलबुट्टी, हे मागात ठरलेलं नसतं. वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथं धागा खालीच. माग तोच, माळ बदलली की नक्षी बदलते. ज्यांच्यावरून मागाला जकार्ड म्हणतात, त्या जाकार्ड यांनी हे यंत्र फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास बनवलं.

अ‍ॅपचंही तसंच. प्रोग्राम सगळ्यांच्या फोनमध्ये सारखा, तुमच्या आवडीनिवडी वेगळ्या फाइलमध्ये. अँड्रॉइडवरच्या 'शेअर्ड प्रेफरन्सेस' या पद्धतीत ही साधी मजकुराची एक्सएमएल (म्हणजे माहितीच्या आधी-नंतर खुणा घालून लिहिलेली) फाइल असते: नाव 'अक्षर-आकार', किंमत २२. अ‍ॅप सुरू झालं की ती एकदा वाचली जाते आणि मेमरीत तक्ता तयार होतो. पुढची विचारणा त्या तक्त्याकडेच. नाव सापडलंच नाही, तर प्रोग्रामरनं आधी ठरवलेली किंमत मिळते. प्रत्येक अ‍ॅपला स्वतःचा वापरकर्ता क्रमांक असतो, १०००० पासून पुढचा, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याला उघडता येत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. फाइल लिहिता लिहिता वीज गेली तर? अर्धवट एक्सएमएल वाचताच येत नाही, म्हणजे सगळ्याच सेटिंग गेल्या. म्हणून लिहिण्याआधी जुन्या फाइलचं नाव बदलून तिच्यामागे '.बॅक' लावतात. मजकूर जागचा हलत नाही, फक्त नाव बदलतं. मग मूळ नावानं नवी फाइल लिहायची, 'एफसिंक' सांगून ती मेमरीतून खरोखर फ्लॅश चिपवर, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या साठ्यात, उतरवायची आणि त्यानंतरच '.बॅक' पुसायची.

वाचताना पहिला प्रश्न एकच: '.बॅक' आहे का? असेल, तर लिहिणं पुरं झाल्याची खात्री नाही. मग नवी फाइल सरळ टाकून द्यायची आणि '.बॅक'ला मूळ नाव परत द्यायचं. नवी अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून झाली असेल आणि फक्त '.बॅक' पुसायची राहिली असेल, तरीही ती फेकलीच जाते! नवी पूर्ण आहे की अर्धी, हे तपासत बसण्यापेक्षा धड असलेली जुनी हातात ठेवणं बरं. ही शिस्त मला फार सुंदर वाटते. सेटिंग साठवण्याच्या नंतर आलेल्या 'डेटास्टोअर' या पद्धतीत क्रम उलटा आहे: आधी तात्पुरत्या नावानं नवी फाइल पूर्ण लिहायची, मग नाव बदलून तिला जुनीच्या जागी बसवायचं.

काकूंचा फोन फरशीवर आदळेपर्यंत २२ चिपवर उतरलेले होते आणि '.बॅक' पुसली गेली होती. क्षणभर आधी बॅटरी निघाली असती, तर १६ दिसले असते. पण अ‍ॅप नीट उघडलं असतं.

'क्लिअर डेटा' अ‍ॅपनं साठवलेलं सगळं पुसतो, आणि त्यात हीच फाइलही जाते. काकूंची अक्षरं बारीक होतील, वाचनाची खूण जाईल आणि बहुतेक अ‍ॅपमध्ये पुन्हा लॉगिन करावं लागेल. एवढीशी फाइल पुसून फोन पळायला लागत नाही. जागा कमी पडत असेल, तर 'क्लिअर कॅशे' करा, म्हणजे फक्त तात्पुरत्या फाइली पुसा. त्यानं या फाइलला धक्का लागत नाही. 'एका टचमध्ये फोन दुप्पट वेगवान' म्हणणारी अ‍ॅप मात्र काकूंच्या फोनवरून मी त्याच दिवशी काढून टाकली.