वादळानंतर मदत लगेच दारात येते का?

"चक्रीवादळ ओसरलं की तासाभरात बचाव पथक येतं, आपण फक्त वाट पाहायची," असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. असं वाटणं स्वाभाविक आहे. पथकं सज्ज असतातच. पण ती येणार बहुतेक रस्त्यानेच. वाऱ्याचा जोर असेपर्यंत गाड्या बाहेर काढता येत नाहीत. नंतर आडवी झाडं, लोंबणाऱ्या तारा, साचलेलं पाणी. त्यामुळे सगळ्यात आधी धावून येतो तो बहुधा शेजारीच.

खात्री करायची तर आपल्या भागाची आपत्ती-सूचनापत्रिका वाचा. किमान ३ दिवसांचं पाणी, माणशी रोज साधारण ४ लिटर, अशी सूचना त्यात बहुतेक सापडेल. मदत तत्काळ येणार असती तर ही सूचना कशाला दिली असती? शेजारच्या एकट्या आजींना जिना कोण उतरवणार, हे मात्र कुठल्याच पत्रिकेत नसतं. ते आधीच ठरवावं लागतं.