टोपलीतला चेंडू काढून देणारे

नागपुरात शालेय नेटबॉल लागलं की पीटी सरांच्याही आधी पाच-सहा पोट्टे-पोट्ट्या मैदानावर हजर असतात. सुतळी ताणून ३०.५ बाय १५.२५ मीटरचं मैदान आखायचं, फक्की मारायची, खेळाडूची जागा सांगणारे बिब मोजायचे, पाण्याचे कॅन ओढायचे. संघाच्या यादीत यांचं नाव नसतं. तरी ही मंडळी खेळाइतकीच जुनी आहेत.

१८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल सुरू केला, ज्यातून पुढे नेटबॉल निघाला, तेव्हा व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या टोपल्या ठोकल्या होत्या. टोपलीला बूड होतं. गोल झाला की कुणीतरी वर जाऊन चेंडू काढून द्यायचा. खेळाचा पहिला मदतनीस तो. सज्जा दहा फुटांवर, म्हणून टोपलीही दहा फुटांवर. नेटबॉलची रिंग आजही ३.०५ मीटरवर असते ती त्याच हिशेबाने.

१८९३ मध्ये बास्केटबॉल लंडनमध्ये मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग यांच्या कॉलेजात पोचला. व्यायामशिक्षिका घडवणाऱ्या या कॉलेजातल्या मुलींनी तो आपल्या पद्धतीने बदलला, आणि १९०१ मध्ये नेटबॉलचे नियम छापून आले. पुढे शिक्षिकांनीच तो इंग्रजांच्या वसाहतींत नेला. बायकांचा खेळ, त्यामुळे तिजोरी कायम रिकामी. गुण लिहिणाऱ्या, घड्याळ धरणाऱ्या, चहा करणाऱ्या सगळ्या बिनपगारी. १९६० मध्ये कोलंबोत आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९६३ मध्ये ईस्टबर्नला पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीही अशाच हातांवर.

गुण लिहिण्याच्या टेबलावरचं काम सोपं वाटतं, पण नाही. गोल कुणीही करो, मैदानाच्या मध्यातून खेळ पुन्हा सुरू करणारा सेंटर पास दोन्ही संघांनी आळीपाळीनेच द्यायचा असतो. चुरशीच्या खेळात अंपायरचीही गफलत होते. तेव्हा ती लक्षात आणून देणं हे स्कोअररचं काम. चौदा वर्षांची मुलगी भर मैदानात मोठ्या माणसाला ‘सर, सेंटर त्यांचा आहे’ म्हणून सांगते आणि सरांना ऐकावं लागतं. शाळेत असा हक्क तिला दुसरीकडे कुठे मिळतो?

गर्दी सांभाळणाऱ्या स्टुअर्डचा इतिहास मात्र वेगळा, आणि दुःखाचा. १५ एप्रिल १९८९ ला इंग्लंडमध्ये हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानावर चेंगराचेंगरी झाली. त्यातल्या बळींची संख्या पुढे ९७ धरली गेली. या दुर्घटनेच्या चौकशीच्या टेलर अहवालानंतर स्टुअर्डना प्रशिक्षण देण्यावर भर आला. नेटबॉलला एवढी गर्दी कधीच नसते, पण रंगीत जॅकेट आणि ‘वाट मोकळी ठेवा’ ही शिस्त आता तिथेही लागते.

नागपूरला ही शिस्त बाहेरून शिकायची गरज नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय जमला, तेव्हा व्यवस्थेला समता सैनिक दलाचे तरुण होते. आजही अशोक विजयादशमीला रांगा लावणारे, पाणी वाटणारे, चुकलेली लेकरं शोधून देणारे हात शहरातल्या पोरांचेच असतात.

१९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत, ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तासांची सेवा, हा तिचा हिशेब. कॉलेजच्या स्पर्धांना स्वयंसेवक मिळतात ते बरेचदा या तासांपायी. मला त्यात गैर वाटत नाही. तासांसाठी आलेला पोट्टा दुसऱ्या दिवशी स्वतःहून लवकर येतो, हेही दिसतं.

भारतीय नेटबॉल महासंघ १९७८ चा. आपल्याकडे पुरुषांचे संघही राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत नेटबॉल खेळतात, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यागराज संकुलात न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला ६६–६४ असं हरवलं, तेही दोनदा जादा वेळ खेळून. त्याच स्पर्धेआधी हजारो स्वयंसेवक गळाले होते. एवढ्या मोठ्या डोलाऱ्यातही शेवटी भरवसा विद्यार्थ्यांवरच होता, ही गोष्ट त्यामुळे उघडी पडली.

राज्यात दहावी-बारावीच्या खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार वाढीव गुण मिळतात. स्कोअरशीट लिहिणाऱ्या मुलीसाठी त्या अर्जात रकाना नाही.