एका अवतरणचिन्हापायी रिकामं झालेलं टेबल

मराठी मजकुरात एकेरी आणि दुहेरी अवतरणचिन्हांची अदलाबदल झाली तरी वाचणारा सांभाळून घेतो. डेटाबेसशी बोलायच्या एसक्यूएल या भाषेत मात्र ही दोन चिन्हं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. प्रमाण नियमानुसार 'पुणे' म्हणजे मजकूर आणि "पुणे" म्हणजे पुणे नावाचा कॉलम किंवा टेबल. नावात मोकळी जागा असेल किंवा 'ऑर्डर'सारखा राखीव (एसक्यूएलने स्वतःच्या आज्ञांसाठी ठेवलेला) शब्द असेल, तर ते दुहेरी चिन्हांत लिहावं लागतं.

मायएसक्यूएल या डेटाबेसने सुरुवातीपासून वेगळी चूल मांडली. तिथे दुहेरी चिन्हांतलाही मजकूरच धरला जातो. नावासाठी कीबोर्डवर १ च्या डावीकडे असलेलं तिरपं चिन्ह (`) वापरतात. त्यामुळे तिथे हात बसलेला माणूस पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये शहर = "पुणे" लिहितो आणि 'पुणे नावाचा कॉलमच नाही' असं उत्तर मिळवतो. चिडचिड होते खरी, पण नुकसान काही होत नाही.

खरी गोची एसक्यूएलाइटमध्ये आहे, आणि हा डेटाबेस तर प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असतो. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी त्यात एक सवलत ठेवली गेली: दुहेरी चिन्हांतल्या नावाचा कॉलम सापडला नाही, तर तो मजकूर समजायचा. आता हे पाहा:

डिलीट फ्रॉम ग्राहक व्हेअर "शेहर" <> 'पुणे';

पुण्याबाहेरचे ग्राहक काढायचे होते. कॉलमचं नाव 'शहर', टाइप झालं 'शेहर'. असा कॉलम नाही, म्हणून तो साधा मजकूर ठरला. 'शेहर' आणि 'पुणे' हे शब्द वेगळे आहेत का? प्रत्येक ओळीसाठी उत्तर एकच: हो. टेबल साफ! एररचा पत्ता नाही. माझ्या मते पोस्टग्रेसचा खडूसपणा यापेक्षा शंभर पटींनी बरा.

ही सवलत द्यायलाच नको होती, असं एसक्यूएलाइटच्या कर्त्यांनीच अधिकृत माहितीत लिहून ठेवलंय. पण असंख्य जुने प्रोग्रॅम तिच्यावर चालतात, त्यामुळे ती काढता येत नाही. २०१९ च्या ३.२९ आवृत्तीपासून ती बंद करण्याची सोय मात्र झाली.

ती बंद केलेली नसेल, तोवर एक साधा उपाय आहे. कॉलमआधी टेबलाचं नाव जोडून ग्राहक."शेहर" असं लिहिलं, की एसक्यूएलाइटला ते मजकूर म्हणून खपवता येत नाही. कॉलम नसल्याचं ते तिथल्या तिथे सांगतं.