देश बदलला म्हणून रेग्युलेटर बदलायचा नसतो

जर्मनीतून कॅम्पर व्हॅन (आत शेगडी आणि झोपायची सोय असलेली गाडी) घेऊन स्पेनला निघालेल्यांना हमखास ऐकवलं जातं, ‘तिकडच्या सिलेंडरचा दाब वेगळा, रेग्युलेटर तिकडचाच घ्या.’ सल्ला उलटा आहे, आणि धोक्याचाही.

सिलेंडरमधला दाब देशावर नाही, गॅस आणि तापमानावर ठरतो. 20 अंशांना प्रोपेनचा साधारण 8 बार (बार म्हणजे दाबाचं एकक, मिलीबार त्याचा हजारावा भाग), ब्युटेनचा जेमतेम 2. रेग्युलेटर तो उतरवून शेगडीला लागेल तेवढाच ठेवतो. नव्या युरोपीय व्हॅनमध्ये तो 30 मिलीबार, जुन्या जर्मन गाड्यांत 50. आकडा उपकरणाच्या पट्टीवर छापलेला असतो. फ्रान्समध्ये घरगुती प्रोपेनचा रेग्युलेटर 37 मिलीबारचा मिळतो. तो 30 च्या शेगडीला जोडलात तर ज्योत भडकणारच.

मग बदलतं काय? तोंड. जर्मन करड्या 11 किलोच्या सिलेंडरचे आटे उलटे, डावीकडे फिरवून घट्ट होणारे. स्पेनच्या नारिंगी सिलेंडरला ते बसतच नाहीत. रेग्युलेटर व्हॅनच्या भिंतीवर पक्का असेल तर त्या देशाच्या तोंडाची उच्चदाबाची नळी पुरते. जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, घरी बघतो तसेच.

नारिंगी सिलेंडरमध्ये मात्र बहुधा ब्युटेन असतो. तो शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतो. डोंगरात थंडीच्या रात्री हीटर विझला, तर बिचाऱ्या रेग्युलेटरला दोष देऊ नका.