घरट्याबाहेर सापडलेल्या पिलांची काळजी

घरट्यातून पडलेल्या, जखमी किंवा खरोखरच पोरक्या झालेल्या रानपक्ष्याच्या पिलाला ते स्वतः उडू-खाऊ लागेपर्यंत दिलेला तात्पुरता आसरा आणि उपचार. सातारा व सांगली जिल्ह्यांत अशी पिले मुख्यतः उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सापडतात. वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात, एप्रिलमध्ये तासगाव-मिरज भागात द्राक्षाची खरड छाटणी सुरू झाली की मांडवातली बुलबुलाची घरटी उघडी पडतात, आणि पावसाळ्यात गावातल्या चिंचेवर-वडावर वसलेल्या गायबगळ्यांची पिले खाली येतात.

माणसाच्या हाती लागणारी बरीच पिले मुळात पोरकी नसतात, आणि काळजीची सुरुवात हे ओळखण्यापासूनच होते. अंगभर पिसे, आखूड शेपूट, चोचीच्या कोपऱ्याला पिवळी कड आणि बोट पुढे केले तर ते पायाने घट्ट धरणारे पिल्लू उडायला शिकत असते. साळुंकी, बुलबुल, दयाळ यांची पिले घरटे सोडल्यावर काही दिवस झुडपात किंवा जमिनीवर काढतात आणि आई-बाप तिथेच येऊन त्यांना भरवतात. अशा पिलाला फक्त कुत्र्या-मांजराच्या वाटेतून बाजूला करून जवळच्या झुडपात ठेवावे व लांबून तास-दोन तास नजर ठेवावी. माणूस शेजारी उभा असला की आई-बाप येत नाहीत. मग ‘याला कुणीच नाही’ असे वाटून पिल्लू घरी नेले जाते. हेतू चांगला असला तरी ही पळवापळवच होय.

टिटवी, लावा, तित्तिर, मोर यांची गोष्ट वेगळी. त्यांची पिले अंड्यातून बाहेर पडतात तीच उघड्या डोळ्यांनी आणि अंगावर लव घेऊन, व लगेच चालू लागतात. माण-खटावच्या माळावर टिटवीने धोक्याची हाक दिली की तिचे पिल्लू मातीला चिकटून निपचित बसते. ते आजारी नसते. तिथून आपणच निघून जावे.

पिसे न फुटलेले, डोळे मिटलेले पिल्लू मात्र परत घरट्यात ठेवायलाच हवे. माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते, ही समजूत गावोगाव आहे, पण ती खरी नाही. घरटे मोडले असेल तर पाणी निथळेल अशी लहान टोपली सुके गवत घालून त्याच झाडाला सावलीत बांधावी.

हे जमत नसेल तर ऊब, अंधार आणि शांतता या तीन गोष्टी आधी. द्राक्षाची पुठ्ठ्याची पेटी यासाठी उत्तम, कारण तिला हवेची भोके असतातच. आत धागे न सुटणारे सुती कापड अंथरावे व एका बाजूला कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी. पिसे न फुटलेल्या पिलाला साधारण 32 ते 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. गार पडलेल्या पिलाला अन्न पचत नाही, म्हणून अंग गरम होईपर्यंत काहीही भरवू नये.

पुष्कळ पिले दगावतात ती पाणी पाजल्याने. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच असते. चमच्याने किंवा ड्रॉपरने चोचीत सोडलेले पाणी थेट फुप्फुसात जाते. दूध, दूध-पोळी, पावही देऊ नये, पक्ष्यांना दूध पचत नाही. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिलांना किडे-अळ्याच भरवते. उपचार मिळायला वेळ लागणारच असेल तर नाकतोड्याचे मऊ तुकडे किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक चिमट्याने अगदी थोडा द्यावा. फवारणी झालेल्या बागेतले किडे चालत नाहीत. लहान पिलांना दिवसभर दर अर्ध्या तासाने भरवावे लागते, रात्री नाही. होला-पारव्याची पिले चोच उघडून मागत नाहीत. ती आई-बापाच्या घशात चोच घालून अन्नपिशवीतला दाट स्राव पितात, म्हणून त्यांना जाणकारानेच भरवावे. शिक्रा किंवा घुबडाच्या पिलाला नुसते बिनहाडाचे मटण दिले तर हाडे वाकतात.

मांजराने धरलेले पिल्लू वरून धडधाकट दिसले तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. दातांची जखम सुईच्या टोकाएवढी असते, पण त्यातून गेलेले जंतू एक-दोन दिवसांत जीव घेतात.

गव्हाणी घुबडाच्या पिलांच्या वाट्याला तर मदतीऐवजी अनेकदा दगडच येतात. जुने वाडे आणि विहिरींच्या कपारीत वाढणारी ही पांढऱ्या लवेची पिले माणूस दिसताच फुसफुसतात आणि लोक अपशकुन समजून घाबरतात. वास्तविक उसातले उंदीर मारणारा हा शेतकऱ्याचा सखा पक्षी आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार रानपक्षी घरी पाळता येत नाही. पोपटाचे पिल्लूही याला अपवाद नाही. त्यामुळे घरचा मुक्काम तासांचाच असावा आणि वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे. माणसाच्या हातून वाढलेले एकटे पिल्लू माणसालाच आपले समजू लागते. म्हणून संगोपन केंद्रात त्याला शक्यतो त्याच जातीच्या पिलांसोबत ठेवतात आणि त्याच्याशी बोलणे टाळतात. सोडण्याआधी ते मोठ्या पिंजऱ्यात नीट उडते का, स्वतः खाणे शोधते का आणि माणसाला बिचकते का, हे पाहिले जाते. सोडताना सकाळची वेळ आणि शक्यतो ते सापडले तोच परिसर निवडतात. लहान पक्ष्यांसाठी पुढचे काही दिवस तिथे खाणे-पाणी ठेवले जाते.