फॉरमॅट मारलं, म्हणजे नेमकं काय पुसलं?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या मामांचा टॉवेलचा कारखाना आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी त्यांचा फोन आला. "अगं, लॅपटॉप लई हँग होतोय. ये आणि एकदा फॉरमॅट मारून दे की."

लॅपटॉप जेमतेम दोन वर्षांचा. मी पोचेपर्यंत शेजारच्या युनिटमधल्या एका मुलाने त्याला हात घातला होता. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू होईना म्हणून तो बायोसमध्ये, म्हणजे मशीन जागं करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, शिरला, दिसेल ते सेटिंग बदलत गेला आणि 'टीपीएम क्लिअर करायचं का?' या प्रश्नाला 'हो' म्हणून मोकळा झाला. मी पाहिलं तेव्हा पडदा निळा होता आणि त्यावर ४८ आकडी किल्लीची मागणी.

"पासवर्ड तर मला पाठ आहे," मामा म्हणाले, "मग हे काय मागतंय?"

आत दोन वर्षांच्या ऑर्डरी, जीएसटीची बिलं आणि टॉवेलच्या काठांची डिझाइनं होती. दुसरीकडे कुठेही कॉपी नव्हती.

त्या मुलाला दोष द्यावासा मला वाटला नाही. त्याने जे केलं ते दहा-बारा वर्षांपूर्वी चालून गेलं असतं. तेव्हाच्या हार्ड डिस्कमध्ये फिरणाऱ्या तबकडीवर चुंबकीय खुणांनी माहिती लिहिलेली असायची. नेहमीचं झटपट फॉरमॅट मारलं की त्या खुणा जागच्या जागीच राहायच्या, फक्त कुठली फाइल कुठे आहे याची यादी जायची. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी धडे शिल्लक राहतात, तसं. म्हणून चुकून फॉरमॅट झालेल्या डिस्कमधून लग्नाचे फोटो परत काढून देणारी माणसं तेव्हा गल्लोगल्ली होती. पुसण्याची भीती वाटायचं कारणच नव्हतं.

नव्या मशीनमध्ये हे दोन जागी बदललं आहे. एक, माहिती कुलूपबंद असते. दोन, ती तबकडीवर नसतेच.

आधी कुलूप. विंडोज ११ हे ५ ऑक्टोबर २०२१ ला आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० ही सोय सक्तीची केली. टीपीएम म्हणजे किल्ल्या सांभाळणारी तिजोरी. काही मशीनमध्ये ती वेगळी चिप असते, काहींत प्रोसेसरच्याच पोटात. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केलं की ड्राइव्हवरची सगळी माहिती बहुधा आपोआप सांकेतिक रूपात जाते आणि तिची किल्ली टीपीएमकडे ठेवली जाते. आपल्याला याचा पत्ताही लागत नाही, कारण रोज सकाळी मशीन सुरू होताना टीपीएम आपणहून किल्ली देतं. मात्र देण्याआधी ते सुरुवातीच्या प्रोग्रामांचं आणि काही सेटिंगचं मोजमाप घेतं. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रोग्रामला मशीन सुरू करू न देणारी सोय, काल चालू होतं आणि आज बंद आहे असं दिसलं, तर ते किल्ली अडवून धरतं. आणि टीपीएमच क्लिअर केलं, तर तिजोरी रिकामी. मग उरते ती ४८ आकडी रिकव्हरी की. मामांचा पासवर्ड विंडोज उघडल्यानंतरचा. विंडोजच कुलपाआड असताना तो विचारणार कोण?

रिकव्हरी की सहसा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. लॅपटॉप घेताना खातं उघडलं होतं माझ्या मामेभावाने, आणि तो पुण्याला. फोनवर तो आकडे सांगत गेला, मामा मागांच्या खडखडाटात एका बिलाच्या पाठीवर लिहीत गेले आणि मी ते टाइप करत गेले. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. पाचव्या गटावर मशीन अडलं.

मला या किल्लीचं फार कौतुक वाटतं ते याच जागी. तिचा प्रत्येक गट ११ ने भागला जातो. समजा एक गट २५३४०७ आहे. पहिला, तिसरा आणि पाचवा आकडा मिळवा : २, ३ आणि ० मिळून ५. दुसरा, चौथा आणि सहावा मिळवा : ५, ४ आणि ७ मिळून १६. फरक ११. हा फरक ० असेल किंवा ११ च्या पटीत असेल, तर संख्या ११ ने भागली जाते. शाळेत शिकलेली कसोटी हीच. आता शेवटचा ७ घाईत १ वाचला गेला तर बेरजा ५ आणि १० होतात, फरक ५. चूक पकडली. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, २५३४७० असं लिहिलं, तर १२ आणि ९, फरक ३. तीही पकडली. माणूस आकडे उतरवून घेताना नेमक्या याच दोन चुका करतो, आणि एक आकडा चुकला काय किंवा लगतचे दोन उलटले काय, ही कसोटी ते निसटू देत नाही. प्रत्येक गटाला ११ ने भागून येणारा भागाकार १६ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या १६ घरांत, मावतो, असे आठ गट, म्हणून १२८ बिटांची किल्ली. आमच्याही कागदावर एक ७ हा १ सारखा पडला होता. तो दुरुस्त केला, पुढचे तीन गट भरले आणि विंडोज उघडलं. मामा एवढा वेळ उभे होते, ते खुर्चीत बसले.

सगळं काही आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. मग मी लॅपटॉपचं बूड उघडलं, आणि हे मी सोलापुरातल्या प्रत्येक माणसाला सांगते : फॉरमॅटचा विचार करण्याआधी पंखा बघा. टॉवेलच्या कारखान्यात हवेत सतत कापसाचे तंतू तरंगत असतात. ते पंख्यातून आत गेले होते आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या बारीक पत्र्यांच्या जाळीवर त्यांचा नमद्यासारखा थर जमला होता. चिमट्याने उचलला तर अख्खी पट्टीच निघाली. बाहेर चाळिशीच्या वरचं ऊन आणि आत वारा कोंडलेला. प्रोसेसरचं तापमान १०० अंशांच्या आसपास पोचलं की तो जळू नये म्हणून आपला वेग स्वतःच उतरवतो. मामांना तोच 'हँग' दिसत होता. जाळी साफ केल्यावर लॅपटॉप बराच हलका झाला.

तरीही मी तो पुसलाच. कुणीतरी फुकटात टाकून दिलेलं बिलिंगचं सॉफ्टवेअर त्यात होतं आणि त्याच्या पाठोपाठ नको ते प्रोग्राम घुसले होते. असं काही आत शिरलं की एकेक वेचून काढण्यावर माझा भरवसा नाही. व्यवहाराच्या मशीनवर तर नाहीच.

पुसलं की विंडोजचं लायसन्सही जाईल, ही मामांची पुढची धास्ती. ते जात नाही. त्यांच्याच शेडमध्ये जकार्डचे माग आहेत, त्यांच्याकडे बोट दाखवून मी त्यांना हे सांगितलं. मागावर भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ चढवली की तसं डिझाइन विणलं जातं. माळ उतरवली तरी माग तिथेच राहतो. जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास बसवलेली ही युक्ती, आणि पुढे संगणकालाही कित्येक वर्षं अशाच भोकांच्या पत्त्यांवरून कामं सांगितली जात. विंडोज म्हणजे पत्त्यांची माळ. ती उतरली तरी मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमधला, मशीन जागं करणारा मूळ प्रोग्राम तसाच राहतो. कारखान्यातून विंडोजसह आलेल्या लॅपटॉपची लायसन्स की विंडोज ८ च्या काळापासून तिथेच लिहिलेली असते. इन्स्टॉलर ती आपणहून वाचतो.

बाकी कृती सोपी आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर तयार करायचा आणि त्यावरून मशीन सुरू करायचं. अडचण येते ती दोन जागी. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर इन्स्टॉलर म्हणतो, ड्राइव्हच सापडत नाही. ड्राइव्ह बिघडलेला नसतो. तो इंटेलच्या व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे असतो आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी बोलणारा छोटा प्रोग्राम, त्या इन्स्टॉलरकडे नसतो. कंपनीच्या साइटवरून तो आधीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावा. वायफायचंही तेच, कारण विंडोज ११ सुरुवातीलाच इंटरनेट मागतं आणि वायफायचा ड्रायव्हर तर इंटरनेटवर. ही दोन्ही कामं जुनं विंडोज चालू असतानाच उरकायची असतात.

मग ड्राइव्हचे जुने भाग (पार्टिशन) काढून टाकायचा पडदा आला. १०० एमबीचा एक, १६ एमबीचा एक, मधला मोठा आणि शेवटी रिकव्हरीचा. चारही काढले. एकेकाला डोळ्याचं पातं लवण्याएवढा वेळ.

"एवढ्यात पुसलं?" मामांनी विचारलं.

पुसलं, आणि जुन्या डिस्कपेक्षा कितीतरी पक्कं. आता तबकडी नाही, फ्लॅश मेमरी आहे. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी ती शोधली. आज आपल्या फोनात आणि लॅपटॉपमध्ये असते ती नँड जातीची फ्लॅश १९८७ ला जगापुढे आली. 'फ्लॅश' हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवलं, कारण मोठा भाग एका झटक्यात पुसला जाताना पाहून त्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. या मेमरीत विद्युतरोधक थरांच्या मध्ये इलेक्ट्रॉन कोंडून माहिती ठेवतात. वीज गेली तरी ते आत अडकून राहतात. पण तिची एक अट आहे. पाटीवरचं एक अक्षर बदलायचं असेल तर अख्खी पाटी पुसावी लागते, आणि प्रत्येक पाटी काही हजार वेळाच पुसता येते. म्हणून ड्राइव्हमधला कंट्रोलर जुन्या जागी लिहीतच नाही. नवं कोऱ्या पाटीवर लिहितो, जुनं बाद ठरवतो आणि सवडीने बाद पाट्या पुसत राहतो. फॉरमॅट करताना विंडोज त्याला 'ट्रिम' नावाची आज्ञा देतं : या सगळ्या जागा आता मोकळ्या. त्यानंतर तिथलं काही विचारलं तर ड्राइव्ह बहुतेकदा शून्यंच हातात ठेवतो.

त्यातून एखादी बाद पाटी पुसायची राहिली तरी तिच्यावर असतो तो सांकेतिक मजकूर, आणि तो उलगडणारी मूळ किल्ली ड्राइव्हवरच बंद करून ठेवलेली असते (टीपीएम आणि रिकव्हरी की तिलाच उघडतात), ती भागांसोबतच गेलेली असते. १२८ बिटांच्या शक्य किल्ल्या म्हणजे ३४ वर ३७ शून्यं. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या लावून पाहणारं यंत्र मिळालं तरी सगळ्या लावायला १ वर १९ शून्यं इतकी वर्षं लागतील. विश्वाचं वय आहे साधारण १३८० कोटी वर्षं. फोन रिसेट केला की काही मिनिटांत कोरा होतो तो याच मार्गाने, आणि नव्या मॅकवर २०२१ च्या मॉन्टेरे या आवृत्तीपासून 'सगळं पुसा'चं एक बटण आहे, त्याच्यामागेही हेच : शेकडो जीबी खोडत बसायचं नाही, किल्ली तेवढी टाकायची. म्हणूनच आता पुसण्याआधी बाहेर काढलेली कॉपी उघडून बघावी. नुसती कॉपी झाली एवढ्यावर विसंबू नये. मी मामांसमोर पाच-सहा बिलं आणि दोन डिझाइनं दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवली, मगच ते भाग काढले.

संध्याकाळी पाळी बदलली तेव्हा विंडोज बसलं होतं. नव्या विंडोजबरोबर कुलूप नवं आणि किल्लीही नवी. या वेळी खातं मामांच्या स्वतःच्या नावावर उघडलं. ती किल्ली त्यांनी मला लिहू दिली नाही. खातेवही काढली, शेवटच्या पानावर आठ गट स्वतः उतरवले आणि पेन्सिलीने प्रत्येकाखाली दोन बेरजा मांडून वजाबाकी करत बसले. सहाव्या गटाखाली त्यांची पेन्सिल थांबली. चष्मा वर सरकवून त्यांनी पडद्याकडे परत पाहिलं.

"इथं सात आहे गं," म्हणाले, आणि एक खोडून सात केला.