स्मृतीच्या संशोधनाची वाट गोव्याबाहेर का गेली?

मेंदू आणि स्मृती या विषयात पीएच.डी. करायची तर गोव्यात राहून जमेल का, की बेंगळुरू गाठावेच लागेल? एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली मुले हा प्रश्न हमखास विचारतात. आज या विषयातल्या बहुतेक जागा गोव्याबाहेर आहेत, हे खरे. त्या तिथेच का आहेत, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

स्मृतीचा अभ्यास मानसशास्त्रात जुनाच. मेंदूतल्या नेमक्या जागेशी त्याची गाठ पडली ती 1953 मध्ये. अमेरिकेतल्या हार्टफर्ड इथे हेन्री मोलायसन या 27 वर्षांच्या तरुणाची फिट्सवर शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे कानशिलामागे खोलवर असलेल्या मेंदूच्या एका भागाचा, बराचसा भाग काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण नवे काहीही लक्षात राहीनासे झाले. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. रोज सरावाने त्याचा हात सफाईदार होत गेला, पण आपण हे आधी कधी केले आहे याची त्याला आठवणच नसे. म्हणजे हाताची स्मृती वेगळी आणि प्रसंगांची वेगळी. शस्त्रक्रिया केली होती ती डॉ. स्कोव्हिल यांनी; त्यांचा आणि मिल्नर यांचा 1957 चा लेख आजही या विषयातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. एका माणसाच्या आयुष्याची केवढी किंमत देऊन हे ज्ञान आले, हे तो वाचताना विसरू नये.

पुढचा टप्पा ऑस्लोचा. 1973 मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी भूल दिलेल्या सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये चेतातंतूंना थोडा वेळ जलद विद्युत्स्पंद दिले, तर पुढे तासन् तास पेशींमधल्या त्या जोडण्या अधिक जोराने प्रतिसाद देतात, असे दाखवले. शिकताना मेंदूत काय बदलते, याचा हा प्रयोगात मोजता येणारा पहिला ठोस उमेदवार होता. त्यानंतर प्रयोगशाळांचे रूपच बदलले. उंदराच्या मेंदूचे 300 ते 400 मायक्रॉन (अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी) जाडीचे काप करायचे, ऑक्सिजनचे बुडबुडे सोडलेल्या क्षारद्रावणात ते काही तास जिवंत ठेवायचे आणि काचेच्या केसासारख्या बारीक नळीने पेशीचा विद्युत्प्रवाह मोजायचा. 2012 मध्ये शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने तर भीतीच्या आठवणीत सामील असलेल्या पेशी प्रकाशाने चेतवल्या आणि उंदीर सुरक्षित जागीही भीतीने थिजून उभा राहिला. अशा कामाला प्राणिगृह लागते, प्राण्यांवरील प्रयोगांची रीतसर परवानगी लागते, महागडे सूक्ष्मदर्शक लागतात आणि वर्षानुवर्षे न आटणारा पैसा लागतो.

भारतात हे सगळे एकत्र आले ते मोजक्या ठिकाणी. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेला 1974 मध्ये आजचे स्वरूप मिळाले. तिथे मनोरुग्णालय आणि संशोधन एका आवारात आले. ओबेद सिद्दिकी यांनी 1962 मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) रेणवीय जीवशास्त्राचा गट उभा केला आणि पुढे फळमाशीच्या गंधज्ञानावर काम केले. त्याच मुळातून 1990 च्या दशकात बेंगळुरूचे एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) वाढले. दीर्घ ताणाने हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात, उलट भीतीशी निगडित अमिग्डालामधल्या वाढतात, हे 2002 मध्ये सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी तिथेच दाखवले. मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, पुण्याची आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आणि बेंगळुरूच्या आयआयएससीचा (भारतीय विज्ञान संस्था) न्यूरोसायन्स विभाग ही नंतरची नावे. आपल्या मुलांना पुणे सगळ्यात जवळचे.

मग गोवा मागे का राहिला? इथले वैद्यकीय शिक्षण 1842 पासूनचे आहे. कांदोळीत जन्मलेले पाद्री आबे फारिया यांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे मूळ कुठल्या चुंबकीय द्रवात नसून माणसाच्या स्वतःच्या मनात आहे, असे ठामपणे मांडले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे आणि त्याचा अभिमान रास्तच आहे. पण फारियांपासून आजच्या प्रयोगशाळेपर्यंत सरळ रेघ ओढण्यात अर्थ नाही. त्यांचे काम फ्रान्समध्ये रुजले, इथे त्याची शाखा फुटली नाही. मुक्तीनंतरही पदव्युत्तर शिक्षण मुख्यतः मुंबई विद्यापीठाच्या पणजीतल्या केंद्रात होते. गोवा विद्यापीठ आले ते 1985 मध्ये. त्याआधी 1966 मध्ये, आज दोनापावलला असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली होती. संशोधनाचा पैसा, माणसे आणि नाव समुद्राकडे वळले. किनाऱ्यावरच्या राज्यासाठी ते योग्यच होते, पण मेंदूच्या वाट्याला फारसे काही आले नाही. 2004 मध्ये झुआरीनगरला बिट्स पिलानीचा कॅम्पस आला, तेव्हा जीवशास्त्रातल्या पीएच.डी.साठी गोव्यात आणखी एक दार उघडले.

तरीही एका बाबतीत गोव्याचे नाव जगाच्या नकाशावर आहे आणि ते आपल्याच लोकांना कमी ठाऊक आहे. इथल्या दोन तालुक्यांत डिमेन्शियाग्रस्तांच्या (म्हातारपणी स्मृती आणि विचारशक्ती ढासळत जाण्याच्या आजाराने ग्रासलेल्यांच्या) 81 कुटुंबांबरोबर एक चाचणी झाली. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरी जाऊन काळजी घेणाऱ्यांना आधार दिला, आजार समजावून सांगितला. काळजीवाहूंच्या मनावरचा ताण त्याने कमी झाला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अमित डायस आणि विक्रम पटेल यांचा सहभाग होता. सूक्ष्मदर्शक न लावताही स्मृतीच्या आजारावर अव्वल दर्जाचे संशोधन होते, याचा हा पुरावा आहे.

याच्या पुढचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डिचोली किंवा पेडण्यातल्या ऐंशी वर्षांच्या आजीची स्मृती मोजायची कुठल्या भाषेत? घरी कोंकणी बोलायची, भजन आणि पोथी मराठीत, आणि कोणाच्या वाट्याला शाळा आलीच असेल तर ती पोर्तुगीज किंवा मराठी. प्रचलित चाचण्यांत शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात, एक वाक्य लिहायला सांगतात. शाळेची पायरी न चढलेली बाई तिथे अडली तर ते विस्मरण नव्हे. हरियाणातल्या बल्लभगढ परिसरातल्या निरक्षर वृद्धांना डोळ्यांसमोर ठेवून 1995 मध्ये हिंदीत वेगळी चाचणी बेतली गेली ती याच कारणाने. शिवाय 2013 मध्ये सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या 648 रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसला. दोन-तीन भाषांत सहज वावरणारा आपला प्रदेश अशा अभ्यासासाठी सोन्यासारखा आहे.

प्रवेशाचे नियमही बदलले आहेत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2022 च्या नियमावलीनुसार चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के मिळवणाऱ्याला थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये विद्यावेतन आहे, सीनियर फेलोला 42,000. टीआयएफआर आणि एनसीबीएसची प्रवेशपरीक्षा वेगळी, तिच्या तारखांवर आधीपासून लक्ष ठेवावे लागते. फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या किंवा फिजिक्सच्या मुलांनीही हे दार आपले नाही असे समजू नये. चेतापेशींचे जाळे आठवण कशी साठवते याचे गणिती प्रारूप 1982 मध्ये जॉन हॉपफिल्ड या भौतिकशास्त्रज्ञाने दिले आणि 2024 चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना जेफ्री हिंटन यांच्यासह मिळाले. अर्ज करताना संस्थेच्या नावापेक्षा गाईडचे गेल्या पाच वर्षांतले लेख वाचावेत, लॅबमधल्या सीनियरशी बोलावे. आणि मुलाखतीत 'तुम्हाला कशावर काम करायचे आहे?' असे विचारतील तेव्हा डिचोलीच्या त्या आजीचा प्रश्न बेधडक मांडावा.